परात, काटा आणि अणू

आपल्या शाळांत अणू हा चित्रकलेचा विषय होऊन बसला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही मराठी शाळेतली नववीची वही उघडा. मध्ये ठिपका, भोवती कंपासने काढलेली वर्तुळे, वर्तुळांवर वजाच्या खुणा आणि पट्टीने आखून लिहिलेली नावे. आधी डाल्टनचा भरीव गोळा, मग थॉमसनचे कलिंगड, मग रदरफर्डचे केंद्रक, मग बोरच्या कक्षा. आधीचे चित्र का टाकून द्यावे लागले, असे विचारले तर ‘मर्यादा’ या मथळ्याखालचे दोन मुद्दे घडाघडा म्हणून दाखवले जातात. कशाचे वजन केले, काय मोजले, कुठला आकडा जुळेना, हे त्या वहीत सापडत नाही.

माझे म्हणणे असे, की हा धडा मोजमापाने शिकवला पाहिजे. त्याला लागणारे सामान सीमाभागातल्या कोणत्याही हायस्कूलला परवडते. आणि ते उभे करणे हे एकट्या विज्ञानशिक्षकाच्या गळ्यात घालू नये, गावाने त्यात उतरावे.

अणूचा विषय निघाला की कणादांचे नाव निघते, आणि ते निघालेच पाहिजे. वैशेषिकांच्या, म्हणजे कणादांच्या परंपरेतल्या विचारवंतांच्या, मते दोन परमाणूंचे द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे हे त्र्यणुक. दिसणाऱ्या कणापासून निघून तर्काच्या पायऱ्यांनी न दिसणाऱ्यापर्यंत उतरणे ही मोठी झेप होती. ग्रीसमध्ये डेमोक्रिटसनेही अविभाज्य कणांचा विचार मांडला. पण तो कण किती वजनाचा, किती आकाराचा, हा आकडा दोघांकडेही नव्हता. आकडा नसला की दोन मतांपैकी खरे कोणते हे ठरवायची सोय राहत नाही. ती सोय तराजूने केली, म्हणून आजच्या अणूची गोष्ट तराजूपासून सुरू करावी लागते.

लाव्हाझिएने अठराव्या शतकाच्या अखेरीस बंद भांड्यांत पदार्थ जाळून आधीचे आणि नंतरचे वजन सारखेच भरते हे दाखवले. प्रूस्टने दाखवले, की संयुग कुठूनही आणा, त्यातल्या मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण तेच राहते. डाल्टनने १८०३ मध्ये यावरून अणूंच्या सापेक्ष वजनांचा तक्ता मांडला आणि १८०८ मध्ये आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने दिला. इथे पाठ्यपुस्तक थांबते. खरे शिकण्यासारखे पुढे आहे, कारण डाल्टनचा तक्ता चुकला होता. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, म्हणजे पाणी ‘एचओ’, असे त्याने गृहीत धरले. हायड्रोजन १ मानून त्याने ऑक्सिजनचे वजन ७ काढले. त्याचे गृहीत धरूनही अचूक वजन केले असते तर ८ आले असते. खरा आकडा १६. पहिली चूक वजन करण्यातली, दुसरी गृहीतातली. पहिली चूक चांगल्या काट्याने सुटते, दुसरी जगातल्या सर्वांत चांगल्या काट्यानेही सुटत नाही. नववीच्या मुलाला विज्ञानातले एवढे एकच कळले तरी वर्ष कारणी लागले असे मी म्हणेन.

दुसरी चूक सुटायला अर्धे शतक गेले. गे-ल्युसॅकने १८०८ मध्येच दाखवले होते, की दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन माप वाफ होते. अव्होगाड्रोने १८११ मध्ये उलगडा केला, की ऑक्सिजन वायूचा कण दोन अणूंचा असला पाहिजे, तरच तो दोन माप वाफेत वाटला जाईल, आणि पाणी ‘एचटूओ’ ठरेल. डाल्टनला हे पटले नाही, इतरांनीही मनावर घेतले नाही. परिणाम असा झाला, की १८६१ मध्ये केकुलेने आपल्या पुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, प्रचलित असलेली १९ निरनिराळी सूत्रे नोंदवली. १८६० च्या कार्ल्सरूहे परिषदेत कॅनिझारोने अव्होगाड्रोचे म्हणणे पुन्हा पुढे आणले. तिथे तरुण मेंडेलीव्ह हजर होता. नऊ वर्षांनी त्याची आवर्तसारणी आली. अणुभारच चुकीचे असते तर ती मांडताच आली नसती.

आता हेच वर्गात. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरा, बुचातून दोन पेन्सिलींची शिसे वर काढा, भोवती मेण लावून गळती बंद करा. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. दोन परीक्षानळ्या त्याच पाण्याने काठोकाठ भरून शिसांवर पालथ्या घाला आणि मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी जोडा. पाण्यात मीठ घालू नका, ही चूक फार होते. मिठाच्या पाण्यातून धन टोकाला क्लोरीन निघतो, वर्गात वास सुटतो आणि प्रमाण बिघडते. सोडा घालूनही २:१ नेमके येत नाही, ऑक्सिजन कमी भरतो. कारण सुरुवातीचा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो आणि थोडा शिसातल्या कार्बनशी संयोग पावतो. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे यंत्र नुसते चालू द्यावे, मग नळ्या पुन्हा भरून मोजायला लागावे. १० मिलीलीटर हायड्रोजनमागे ५ ऐवजी साडेचार मिलीलीटर ऑक्सिजन भरला तर वहीत साडेचारच लिहावे आणि खाली कारण लिहावे. पुस्तकात ५ आहे म्हणून ५ लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात, हीच आपल्या प्रात्यक्षिकाची कीड आहे. ऑक्सिजनच्या नळीत विझत आलेली उदबत्ती धरली की ती पुन्हा उजळते. हायड्रोजनच्या नळीचे तोंड मात्र शिक्षकानेच ज्योतीजवळ न्यावे, तेही नळी लहान असेल तरच.

पण सर्वांत मोलाचा प्रयोग परातीतला. रेणूची लांबी घरच्या परातीत मोजता येते, हे ऐकून मोठी माणसेही थबकतात. प्रयोगशाळेच्या दुकानात ओलेइक आम्ल मिळते. त्याचा १ मिलीलीटर घ्या, स्पिरिट घालून एकूण २० मिलीलीटर करा. त्यातला १ मिलीलीटर घेऊन पुन्हा स्पिरिट घालून २० मिलीलीटर करा. आता ४०० भागांत १ भाग आम्ल राहिले. ड्रॉपरने या द्रावणाचे थेंब मोजत १ मिलीलीटर भरा. समजा ४० थेंब लागले. म्हणजे एका थेंबात आम्ल किती, तर १ मिलीलीटरचा १६ हजारावा भाग. परातीत बोटभर पाणी घ्या, लाटा थांबू द्या, वरून टाल्कम पावडर अगदी विरळ भुरभुरवा आणि मधोमध एकच थेंब सोडा. पावडर झटक्यात कडेला सरकते आणि स्वच्छ वर्तुळ उघडते. स्पिरिट उडून जाते, पाण्यात मिसळते, आम्लाचा थर तेवढा उरतो. व्यास साधारण २० सेंटीमीटर आला, तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर. आम्लाच्या आकारमानाला क्षेत्रफळाने भागले की थराची जाडी येते १ सेंटीमीटरचा सुमारे ५० लाखावा भाग, म्हणजे २ नॅनोमीटर. थर एका रेणूचा असतो, रेणू पाण्यावर उभे असतात, तेव्हा ही रेणूची उंची झाली. त्या रेणूत १८ कार्बन अणूंची साखळी असते. म्हणजे एकेका अणूच्या वाट्याला नॅनोमीटरचा दहावा हिस्सा येतो. साखळी नागमोडी असल्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण अणूच्या आकाराची पायरी बरोबर सापडते.

बिघडते ते परातीत. आदल्या दिवशी कणीक मळलेली परात असेल तर कडांना चिकटलेले तेल पाण्यावर आधीच पसरते आणि वर्तुळ उघडतच नाही. साबणाने धुऊन नीट खळबळली नाही तर साबणाचाही थर तेच करतो. म्हणून परात सोड्याने घासून भरपूर पाण्याने चार-पाच वेळा धुवावी, आत बोट घालू नये. पावडर जाड झाली तर तिचीच साय धरते आणि वर्तुळ लहान येते, मग रेणू फुगलेला निघतो. दुसरा थेंब त्याच पाण्यात टाकून पुन्हा मोजू नये. पंखा बंद ठेवावा. पाच गटांनी पाच पराती घेतल्या, तर उत्तरे दीड ते तीन नॅनोमीटरच्या दरम्यान विखुरतील. ती फळ्यावर शेजारीशेजारी लिहून कोणाची का चुकली यावर बोलणे, हाच खरा तास.

अणू खरेच असतात का, हा वाद विसाव्या शतकातही मिटलेला नव्हता, हे मुलांना सांगितले जात नाही. ओस्टवाल्डसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ १९०८ च्या सुमारापर्यंत अणू मानायला तयार नव्हता. त्याआधी १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने परागकणांतले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना पाहिले होते. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांवरून त्या थरथरीचे गणित दिले, आणि पेरँने सूक्ष्मदर्शकाखाली रेझिनचे कण मोजून अव्होगाड्रोचा अंक, म्हणजे ठरावीक वजनाच्या पदार्थात रेणू किती तो आकडा, काढला. झरोक्यातल्या धुळीची हालचाल मुख्यतः हवेच्या झुळकांमुळे असते, तिला ब्राऊनची हालचाल म्हणू नये.

कलिंगडाबद्दलही बोलले पाहिजे. थॉमसनच्या १९०४ च्या प्रतिकृतीत इलेक्ट्रॉन बियांसारखे रुतून बसलेले नव्हते. धनभाराच्या गोलात ते कड्यांच्या रचनेत फिरत होते आणि त्या कड्या स्थिर राहतील का याचे त्याने बारीक गणित केले होते. कलिंगड म्हटले की तो भोळा वाटतो. त्याचे १८९७ चे काम सांगायला हवे. त्याच्या आधी हर्ट्झने कॅथोड किरण, म्हणजे निर्वात नळीतल्या ऋण टोकाकडून निघणारे किरण, दोन विद्युतभारित पट्ट्यांमधून नेले, ते वळले नाहीत, म्हणून त्यांवर भार नाही असा निष्कर्ष काढला. नळीतली हवा पुरेशी काढलेली नव्हती. उरलेल्या वायूत भार मोकळे होऊन त्यांनी पट्ट्यांचा परिणाम मारून टाकला. थॉमसनने निर्वात अधिक चांगला केला आणि किरण वळले. एका पंपाने अणूला फोडले म्हणा ना.

रदरफर्डच्या सोन्याच्या पत्र्याबाबत तर आपली पुस्तकेच एकमेकांशी जुळत नाहीत. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात वर्षानुवर्षे छापले जाई, की पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी, म्हणजे किरणोत्सारातून निघणाऱ्या धनभारित कणांपैकी, १२ हजारांतला एक उलट फिरला. अकरावीत गेले की तो आकडा २० हजारांत एक होतो. दोन्ही पाठ होतात. पण पत्र्याची जाडी किती होती, हे विचारणारा मुलगा विरळा, आणि जाडी सांगितल्याशिवाय या प्रमाणाला अर्थच नाही. गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये प्लॅटिनमच्या जाड पट्टीवरून ८ हजारांत एक अशी नोंद केली. रदरफर्डने १९११ च्या लेखात सोन्याच्या ०.००००४ सेंटीमीटर जाडीच्या पत्र्यासाठी २० हजारांत एक हा आकडा घेतला. एका सोन्याच्या अणूची रुंदी सुमारे ०.२९ नॅनोमीटर, म्हणजे त्या पत्र्यात एकावर एक सुमारे १४०० अणू होते. चौदाशे थरांतून जाताना वीस हजारांत एकच कण मागे वळतो, यावरून केंद्रक किती लहान हे मुलांना स्वतः अंदाजता येते. हे मोजणे डोळ्यांनी झाले. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसायचे आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावरची एकेक ठिणगी सूक्ष्मदर्शकातून टिपायची.

आणि वहीतले चित्र? सोन्याचे केंद्रक त्याच्या अणूपेक्षा सुमारे २० हजार पटींनी लहान. वहीत केंद्रक १ सेंटीमीटरचे काढले, तर अणूचा व्यास २०० मीटर हवा. त्यापेक्षा मुलांना मैदानात न्यावे, मधोमध मोहरीचा दाणा ठेवावा आणि वीस मीटर दोरीने फक्कीचे वर्तुळ मारावे.

बोरच्या कक्षा कुठून आल्या हे सांगायला आपल्याकडे एक गाव आहे, आणि ते आपण विसरलो आहोत. अथणीहून निघून कृष्णा ओलांडली की जमखंडी. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला पटवर्धनांच्या या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारे यंत्र, घेऊन बसला होता. ढगांच्या फटीतून त्याला सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट दिसला: तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा. सलग रंगपट्टा नाही, म्हणजे ज्वाला तापलेल्या वायूच्या. नारिंगी रेषा त्याला सोडियमच्या रेषेच्या जागी वाटली. ती सोडियमची नव्हती. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा फरक, आणि त्यात एक नवे मूलद्रव्य लपलेले. त्याला हेलियम नाव पडले आणि पृथ्वीवर ते रॅमसेला १८९५ मध्ये सापडले. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हता, त्याने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून ती रेषा पाहिली. जमखंडीत बसलेल्या हर्शेलने मात्र ती ग्रहणातच पाहिली होती, याची आठवण सीमाभागातल्या एखाद्या तरी शाळेत व्हावी.

रेषा ठरावीक जागीच का येतात, याचे उत्तर बोरने १९१३ मध्ये दिले: इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जांवरच राहतो आणि उडी मारताना तेवढ्याच फरकाचा प्रकाश देतो. हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा त्याच्या गणितातून नेमकी निघाली. दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमला मात्र ते गणित लागू पडेना. १९२६ मध्ये श्रोडिंगरचे समीकरण आले, आणि कक्षेच्या जागी इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच उरले. म्हणजे वहीतली कंपासची वर्तुळे शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाली.

बोरच्या उडीवर बेळगावात रोज धंदा चालतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीतले लोखंड साच्यात ओतण्याआधी त्याचा लहान नमुना घेतात, घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात, ठिणगी पाडतात, आणि मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांची टक्केवारी येते. कार्बनची रेषा १९३ नॅनोमीटरला, अतिनील भागात. हवेतला ऑक्सिजन असला प्रकाश गिळतो, म्हणून ठिणगी आरगॉन वायूत पाडतात. नमुना तांब्याच्या साच्यात झटकन थंड केला नाही, तर कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्या होऊन वेगळा पडतो आणि आकडा चुकतो. आकडा चुकला की अख्खी भट्टी भंगारात. हे ज्याला रोज करावे लागते अशा कामगाराची मुले शेजारच्या शाळेत कक्षांची चित्रे पाठ करतात. एका तासासाठी त्यालाच वर्गात का बोलावू नये? वर्गात हेच बघायला जुनी सीडी पुरे. तिच्यावर मिलीमीटरमागे सुमारे ६२५ खाचा असतात. खोक्याला दोन ब्लेडच्या धारांमध्ये केसभर फट ठेवावी आणि ती फट सीडीच्या खाचांना समांतर असावी. फट रुंद झाली की रेषा एकमेकींत मिसळतात. सीएफएल दिव्याच्या तुटक रेषा दिसतात, एलईडीचा पट्टा सलग दिसतो. सूर्याकडे मात्र थेट धरू नये.

आता शब्दांचा प्रश्न, जो फक्त आपल्या भागात एवढा टोचतो. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. कन्नडात ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. हिंदीतही तसेच. म्हणजे एकाच बाकावरची दोन मुले ‘अणू’ म्हणतात तेव्हा दोघांच्या मनात वेगळी वस्तू असते, आणि सरावासाठी कन्नड मार्गदर्शिका आणलेला मराठी मुलगा मोलच्या, म्हणजे वजनावरून कणांची संख्या काढण्याच्या, गणितात थेट दुपटीची चूक करून बसतो. ऑक्सिजनचा एक अणू की एक रेणू, १६ की ३२? डाल्टनची चूक शब्दांतून परत येते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीत गेल्यावर तिसरा शब्द. यावर भाषेचे भांडण करायची गरज नाही. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन रकान्यांचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर असावा, देवनागरीतच, आणि प्रत्येक ओळीपुढे एक आकडा असावा. नुसता शब्द दिला की गोंधळ तसाच राहतो.

वेळ नाही, पोर्शन संपत नाही, पुढे सीईटी आणि नीट आहे, असे शिक्षक म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. एकेका शाळेत विज्ञान आणि गणित एकच माणूस ओढतो. पण मोलचा धडा पीयूसीत दोनदा शिकवूनही मुलांच्या डोक्यात बसत नाही, तो वेळ आपण मोजत नाही. परातीचा एक तास आणि नळ्यांचा एक तास, हे दोन तास तिथे वाचतात. दुसरा आक्षेप, की चुकलेले सिद्धान्त शिकवले तर मुले गोंधळतील. चार चित्रे कारणाशिवाय एकापाठोपाठ दाखवल्यावर जो गोंधळ होतो, त्यापेक्षा हा नक्कीच कमी. कारवारकडच्या कैगा अणुवीज केंद्राच्या २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आपल्यापासून फार लांब नाहीत. तिथल्या नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ भाराचा समस्थानिक शेकडा ०.७ च असतो आणि म्हणून जड पाणी लागते, हे कळायला न्यूट्रॉन कळायला हवा, आणि चॅडविकला तो १९३२ मध्ये कसा सापडला हेही. बाजूने असो वा विरोधात, त्यावर बोलणाऱ्या नागरिकाला एवढे ठाऊक असावे.

सामानाची यादी छोटी आहे: सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा खिशातला डिजिटल काटा, ओलेइक आम्लाची एक बाटली, स्पिरिट, ड्रॉपर, परीक्षानळ्या, चार-पाच पराती, जुन्या सीडी. एसडीएमसीने, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीने, किंवा माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले तर एका गणेशोत्सवाच्या वर्गणीतल्या कोपऱ्यात हे बसते. कडोली, येळ्ळूर, उचगावला थंडीत साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी असते, कथाकथन असते. तिथे एक तास नववी-दहावीच्या मुलांना द्यावा. मंडपात वारा असतो, तेव्हा परात शाळेच्या खोलीत मांडावी, दार लोटून घ्यावे आणि एका वेळी दहाच माणसे आत सोडावीत. पावडर कोणी भुरभुरवायची आणि थेंब कोणी सोडायचा हे मुलांनीच ठरवावे. वर्तुळाचा व्यास मोजायला मात्र पाहुण्यांपैकी एकाच्या हातात पट्टी द्यावी.